माठावर तेवढं मारू नका

प्रश्न : मुलानं पुण्याहून पाणी न चिकटणाऱ्या स्प्रेची बाटली आणली आहे. बुटावर मारून वरून चिखल ओतला तरी बूट कोरडा, असं मोबाइलवर पाहिलं. मला तो शाळेच्या दप्तरावर, नव्या घोंगडीवर, ओल आलेल्या भिंतीवर आणि सारख्या पाझरणाऱ्या माठावर मारायचा आहे. चालेल का?
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : ताई, माठाचं शेवटी सांगते, ते जरा लाजिरवाणं आहे.

अशीच एक बाटली गेल्या उन्हाळ्यात आमच्याही घरात आली. मी बत्तीस वर्षं परभणीत शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे लेबलवर विश्वास ठेवायची सवय नाही. गच्चीवर रद्दी पसरली आणि मांजरपाटाचा तुकडा, पुठ्ठा, विटेचा तुकडा आणि एक आरसा मांडला. प्रत्येकाचा अर्धा भाग कागदानं झाकला, उरलेल्या अर्ध्यावर वीतभर अंतरावरून दोनदा पातळ हात मारला आणि एक दिवस वाळू दिलं. मग औषधाच्या ड्रॉपरनं थेंब सोडले.

मांजरपाटावरचा थेंब साबुदाण्यासारखा गोल होऊन टुणकन खाली. अळूच्या पानावर दिसतं ना, अगदी तसं. न मारलेल्या बाजूला तोच थेंब बोटभर पसरला. कापसाच्या धाग्याला पाण्याची ओढ असते. स्प्रेनं त्यावर पाणी न आवडणारा पातळ थर बसतो, एवढीच त्यातली करामत. पुठ्ठा आणि वीटही पास. आरसा मात्र धुरकट झाला, तो अजून तसाच आहे.

मग मी खोडी काढली. त्याच कापडावर थेंब ठेवून बोटानं दाबला, तर पाणी आत! पाणी नुसतं पडलं तर घरंगळतं, दाबलं तर शिरतं. निरम्याच्या पाण्याचा थेंब तर दाबायच्या आधीच जिरला. साध्या पाण्याचा पृष्ठताण 72 एककं धरला, तर साबणाच्या पाण्याचा तिशीच्या आसपास उतरतो, त्यामुळे त्याला गोल राहणं जमत नाही. शेंगदाण्याचं तेलही पसरलं. त्यावरून माझी बाटली सिलिकॉनची असावी असं कळलं. फ्लोरिनवाल्या स्प्रेवर तेलाचाही थेंब उभा राहतो. पण तो मोठेपणा मला नको. त्या कुळातली रसायनं मातीत-पाण्यात वर्षानुवर्षं मोडत नाहीत आणि त्यांतल्या पीएफओए नावाच्या रसायनावर तर 2019 साली स्टॉकहोम करारानं (न मोडणाऱ्या घातक रसायनांबद्दलचा देशादेशांतला करार) आंतरराष्ट्रीय बंधनं आणली. या सगळ्या कुळाला पीएफएएस म्हणतात, तेव्हा बाटलीवर ‘पीएफएएस नाही’ असं छापलेलं असेल तर बरं.

आता दप्तर. जरूर मारा, पण पुस्तकं तरीही प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. पाणी शिरतं ते चेनमधून आणि शिवणीतल्या सुईच्या भोकांतून. शिवाय पाठीला घासतो तो भाग आधी उघडा पडतो. माझं कापड तीन धुण्यांत पुन्हा पाणी प्यायला लागलं.

घोंगडीवर मारू नका, पैसे वाया. लोकरीला मुळातच मेणचट अंश असतो आणि घट्ट विणलेली घोंगडी पाऊस बराच वेळ बाहेर ठेवते. धनगर तिची खोळ डोक्यावर घेऊन पावसात मेंढरांमागं हिंडत आले, ते काही स्प्रे मारून नव्हे.

भिंत बघायला हवी. ओल जमिनीतून वर चढत असेल, लोणा फुटत असेल, तर आतून काही फवारून ती थांबत नाही. पाणी दुसरीकडून वाट काढतं. पाऊस बाहेरून झोडपत असेल तर उघड्या विटेवर सिलेन-सिलोक्सेनचं, म्हणजे विटेत मुरून पाणी झटकणारं, द्रव मारतात, तेही भिंत कोरडी असताना आणि भेगा बुजवून झाल्यावर. बाटलीतला स्प्रे भेग भरत नाही.

आणि हो, घरात मारू नका. बहुतेक बाटल्यांमधला वायू आणि द्रावक पेट घेणारे असतात, त्यामुळे गॅस, देव्हाऱ्यातलं निरांजन, सगळं लांब. तो बारीक फवारा छातीत गेला तर श्वासाचा त्रास होतो. गच्चीवर, वारं पाठीशी घेऊन, नाकाला रुमाल.

आता माठ. आमचाही पाझरायचा, तिपाईखाली थारोळं व्हायचं. मी हुशारीनं त्याला बाहेरून दोन हात मारले. फरशी कोरडी, मी खूश. दुसऱ्या दिवशी दुपारी बाहेर 42 अंश आणि सासूबाईंनी पेला तोंडाला लावून खाली ठेवला. “आगं बाई, माठ पाझरला न्हाई तर गार व्हईल कसा?”

बत्तीस वर्षं मी हेच फळ्यावर लिहीत होते! एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना साधारण 580 कॅलरी उष्णता जाते. बाहेरची उष्णता आत आली नाही असं धरलं, तर पेलाभर पाणी उडालं की दहा लिटर पाणी अकरा अंशांनी उतरावं. आपल्याकडच्या कोरड्या हवेत हे फार छान जमतं. माठाच्या ज्या बारीक भोकांतून पाणी बाहेर येऊन उडतं, तिथंच मी त्याला अडवलं होतं. वर ते पाणी आम्ही पिणार होतो, हेही सुचलं नाही.

तो माठ आता गच्चीवर आहे, त्यात गवती चहा लावलाय. नव्याच्या तिपाईखाली परात ठेवते आणि सकाळी परातीतलं पाणी त्या गवती चहाला घालते.