ओलावा सेन्सरचे सेल लवकर का उतरतात?

प्रश्न (वरूड तालुका, संत्रा): बागेत ओलावा मोजणारे नऊ बिनतारी सेन्सर आहेत. मोटारीच्या खोलीकडच्या दोघांचे सेल पाच-सहा दिवसांत उतरतात. लांबच्या सातांना वर्ष झाले, तेच सेल आहेत. सेल नकली असतील का?

उत्तर: सेल चांगलेच असावेत, बदलून फरक पडणार नाही. तुमच्या जाळ्यात लांबचे सेन्सर आपले आकडे या दोघांकडे देतात आणि हे दोघे ते गेटवेपर्यंत, म्हणजे सगळे आकडे गोळा करणाऱ्या पेटीपर्यंत, पोचवतात. आकडा कधी येईल याचा नेम नाही, म्हणून यांचा रेडिओ दिवसरात्र जागा असतो. झिगबीसारख्या (सेन्सरच्या जाळ्यात वापरतात त्या कमी पल्ल्याच्या) रेडिओला नुसते ऐकायलाही 20 ते 25 मिलिअँपिअर लागतात. 20 धरले तरी दिवसाला 480 मिलिअँपिअर-तास झाले. 2,500 चा सेल पाच दिवसांत रिकामा.

लांबचा सेन्सर झोपेत सुमारे 10 मायक्रोअँपिअर घेतो. दर अर्ध्या तासाने सेकंदभर उठून 30 मिलिअँपिअर घेतले, तरी दिवसाचा खर्च एक मिलिअँपिअर-तासाच्या आतच राहतो.

तेव्हा या दोघांना सौर पॅनेल द्या: 6 व्होल्ट, 5 वॅटचे पॅनेल आणि 3.2 व्होल्ट, 6,000 मिलिअँपिअर-तासाचा लिथियम आयर्न फॉस्फेट सेल. हा सेल भरलेला असेल तर पावसाळी झडीचे दहा-बारा दिवस निघतात. चार्जर मात्र 3.65 व्होल्टवर थांबणारा हवा; बाजारात सहज मिळणारे टीपी4056 चे सर्किट 4.2 व्होल्टपर्यंत चढवते आणि हा सेल खराब करते. साधा लिथियम-आयन सेल इथे नको: तो 45 अंशांच्या वर चार्ज करू नये, आणि आपल्याकडे मे महिन्यात हवाच तेवढी तापते. पेटी पांढरी घ्या व पॅनेलच्या सावलीत बांधा. खोलीतली वीज वापरायची म्हटले तरी शेतीच्या फीडरला चोवीस तास पुरवठा नसतो, सेल ठेवावाच लागेल.

उरलेले सात सेटिंगमध्ये ‘एंड डिव्हाइस’ (फक्त आपला आकडा पाठवून झोपणारे) म्हणूनच राहू द्या. सगळेच ‘राउटर’ (या दोघांसारखे दुसऱ्यांचे आकडे पुढे पोचवणारे) केले तर नवाच्या नवांची हीच गत होईल.

प्रश्न (दारव्हा तालुका, कपाशी व तूर): ऑगस्टपर्यंत ठीक होते. ऑक्टोबर लागताच सगळ्याच सेन्सरचे सेल भराभर उतरू लागले.

उत्तर: तूर डोक्याच्या वर गेली असेल. सेन्सरच्या रेडिओच्या 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी पानांतले पाणी शोषून घेते. पोच आली नाही की सेन्सर तोच आकडा पुन्हा पुन्हा पाठवतो. राउटरच सापडेनासा झाला तर एकेक करत 16 चॅनेल धुंडाळतो, आणि तेवढा वेळ झोपत नाही. गेटवेवर सिग्नल उणे 90 डीबीएमच्या खाली (उणे 95, उणे 100 असा) दिसत असेल तर हेच कारण धरा.

पेटी बांबूवर किंवा जीआय पाइपवर पिकाच्या वर चढवा आणि प्रोबची (मातीत खुपसायच्या दांडीची) वायर खाली सोडा. पेटी खालीच ठेवून अँटेनाची केबल लांबवू नका, सिग्नल केबलमध्येच मरतो. राउटर न सापडल्यास 15 मिनिटे झोपून मगच पुन्हा शोधायचे, असे सेटिंग विक्रेत्याकडून करून घ्या. नवीन घेणार असाल तर दहा एकरांपर्यंत जाळ्याच्या भानगडीत न पडलेले बरे. 865 ते 867 मेगाहर्ट्झचा लोरा (लांब पल्ल्याच्या रेडिओचा) सेन्सर थेट गेटवेशी बोलतो, मधला राउटर लागत नाही. या पट्ट्याला परवानाही नको.

दोघांसाठीही: काळ्या जमिनीत ओलावा सावकाश बदलतो, तासाला एक नोंद पुरे. ठिबक चालू असताना हवी तर 15 मिनिटांनी घ्या. आणि प्रोबची वीज नोंदीपुरतीच चालू होते ना, ते बघा. कपॅसिटिव्ह प्रोब 5 मिलिअँपिअर घेतो. कायम चालू राहिला तर तो एकटाच 2,500 चा सेल तीन आठवड्यांत संपवतो. तपासायला मल्टिमीटर सेलच्या एका वायरीत जोडा. आधी मिलिअँपिअरवर ठेवा, सेन्सर झोपल्यावरच मायक्रोअँपिअरवर न्या. त्या रेंजवर सेन्सर जागा झाला की व्होल्टेज पडून तो पुन्हा पुन्हा रीसेट होतो आणि आकडा भलताच दिसतो.