क्लिक कानातच हवा

पहिल्यांदाच ट्रॅकवर, म्हणजे आधी रेकॉर्ड केलेल्या संगीतावर, ड्रम्स वाजवतोयस ना, मग क्लिक (लय धरायला लावलेली टिकटिक) ऐकायला हॉलच्या स्पीकरवर विसंबू नकोस. आवाजाला 10 मीटर यायला साधारण 30 मिलिसेकंद लागतात. कोथरूडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहासारख्या ठिकाणी तेवढ्यानेही लय ओढल्यासारखी वाटते. इअरफोन वायरचेच घे. ब्लूटूथ अजिबात नको, त्यातही आवाज उशिरा येतो. डाव्या चॅनेलला क्लिक, उजव्याला ट्रॅक, आणि साउंडवाल्या दादांना फक्त उजवा द्यायचा. प्रत्येक गाण्याआधी चार ठोके मोजणीचे भर. मोबाइल एअरप्लेन मोडवर टाक. माझ्या ट्रॅकमध्ये एकदा रिंग वाजली होती, अजून अंगावर काटा येतो.

सराव करताना एक बघ: स्नेअर ड्रमचा ठोका नेमका क्लिकवर पडला, की क्लिक ऐकूच येत नाही. क्लिक वेगळा टिकटिकतोय तोवर तू पुढे तरी आहेस किंवा मागे तरी.