शिक्षा वाढवू नको, बक्षीस जवळ आण

तुझा मेसेज वाचला, दोनदा वाचला. तुझ्याकडे सेशनला येणारा पोरगा लहान भावाला बदडतो आणि लगेच शांतपणे जेवायला बसतो, कितीही ओरडलं तरी चेहऱ्यावर काही नाही, आणि तू विचारतेस अशावर काउन्सेलिंगचा उपयोग होतो का. होतो गं. पण तू जे चालवलंयस त्याने नाही होणार.

भडकून मारणारी पोरं वेगळी. त्यांना कुणी नुसतं पाहिलं तरी खुन्नस वाटते, मागून रडतात, त्यांना राग आवरायला शिकवलं की फरक दिसतो. हा थंड आहे. केल्याचं वाईट वाटत नाही, दुसऱ्याच्या दुःखाचं काही नाही, अभ्यासाची फिकीर नाही, भावना वरवरच्या. कंडक्ट डिसऑर्डर, म्हणजे सतत मारामारी, नियम मोडणं, याच्या निदानासोबत या थंडपणाची वेगळी नोंद करायची सोय डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकात, २०१३ पासून आहे, पण या चारपैकी निदान दोन गोष्टी, किमान १२ महिने, आणि एकाच ठिकाणी नाही तर सगळीकडे दिसल्या पाहिजेत. म्हणून एकट्या आईचं ऐकून फाईलवर लिहू नकोस. शाळेतल्या बाईंना विचार, आजोबांना विचार. घरी मार खाऊन खाऊन गप्प झालेली पोरंही वरून अशीच दिसतात, आणि त्यांचा इलाज वेगळा.

आता मुद्दा. शिक्षा वाढवू नको. मोबाईल काढला, खेळणं बंद केलं, आता खोलीत कोंडा म्हणतेस? यानंतर काय करशील? २००५ मध्ये हॉज आणि डॅड्स या संशोधकांनी ऑस्ट्रेलियात ४ ते ८ वर्षांच्या मुलांच्या पालकांना ट्रेनिंग दिलं, त्यात अशा थंड मुलांवर टाइम-आउटचा, म्हणजे थोडा वेळ बाजूला बसवायच्या शिक्षेचा, परिणाम कमी झाला, कौतुक-बक्षिसाचा भाग मात्र इतरांसारखाच लागू पडला. आणि हे फक्त लहानग्यांचं नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये मेंडोटा नावाचं गुन्हेगार पोरांवर उपचार करणारं सेंटर १९९५ पासून आहे, बालतुरुंगात कुणाला न जुमानणारी पोरं तिथे येतात, तिथे आज नीट वागलास तर उद्या सवलत, रोज नवा हिशोब. हिंसेचे गुन्हे कमी झाले. म्हणून म्हणतो, बक्षीस जवळ आण. महिन्याच्या शेवटी सायकल देऊन उपयोग नाही, आजचं आज किंवा उद्या.

मला लोक आजही म्हणतात, सर तुम्ही गुंडांना लाडावता. म्हणू देत. मी शिक्षा बंद करा असं कधीच म्हटलं नाही, छोटी ठेवा, न चिडता द्या, आणि तिच्यावर भिस्त ठेवू नका एवढंच म्हणतो, आणि ते मी सोडणार नाही. हो, ही पोरं सुरुवातीलाच जास्त बिघडलेली असतात, सुधारली तरी शेवटी इतरांपेक्षा मागेच राहतात. ते बघून तू हात टेकतेयस. अगं सुरुवात कुठून झाली तेही बघ ना!

तुझ्याच मेसेजमध्ये एक ओळ आहे, तू वाचून पुढे गेलीस. बाबा दुकानावर नेतात तेव्हा तो नीट असतो. मग तेच धर. दिवसभर भावावर हात नाही उचलला तर दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांसोबत तर्री पोहे, दोघंच, फोन खिशात. बाबांनी काय बरं केलं ते नाव घेऊन सांगायचं, भाषण नाही. एक दिवस चुकला तर त्या दिवसापुरतं चुकलं, परवाचं पुन्हा मिळू शकतं.

आणि त्या दोघा भावांना घरात एकटं ठेवू नका, हे आईला आजच फोन करून सांग, सेशनची वाट बघू नको.