पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकात मोबाइल शूटिंग रोखणारं यंत्र मिळतं का?

भाऊ, भरवशाचं असं यंत्र बाजारात नाही. २००६ मध्ये अमेरिकेत जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी एक नमुना बनवला होता. कॅमेऱ्याचा सेन्सर प्रकाश आला त्याच दिशेनं परत फेकतो; रात्री टॉर्च मारला की बैलाचे डोळे चमकतात ना, तसं. त्या चमकेवरून कॅमेरा हुडकून नेमका त्याच्यावर झोत सोडायचा, म्हणजे चित्रात नुसता पांढरा डाग. पण एसएलआरमध्ये, म्हणजे आत आरसा असलेल्या मोठ्या कॅमेऱ्यात, सेन्सर आरशामागं झाकलेला, तो सापडतच नाही.

जॅमरचं तर विचारूच नका. त्यानं नेटवर्क जातं, कॅमेरा चालूच राहतो; वरून परवानगीशिवाय वापरणं बेकायदा.

आमच्याकडे शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) रात्री पडदा उघडण्याआधी माइकवरून सांगतात अन् पुढच्या रांगेजवळ दोन पोरं उभी करतात. मागून तसंही धड शूटिंग होत नाही.