साडेआठ लाखांत एस-क्लास: घ्यावी की सोडावी?

प्रश्न : तासगावला आमचा बेदाण्याचा धंदा आहे. वय ४२. घरात एक बोलेरो आहे, ती शेताला आणि मालाला जुंपलेली. घरच्यांसाठी दुसरी गाडी घ्यायला दहा लाख बाजूला काढलेत. शोरूमला जाऊन नवी छोटी गाडी बघून आलो, पण मन बसेना. तेवढ्यात दिल्लीच्या एका डीलरने २०१२ ची मर्सिडीज एस ३५० सीडीआय दाखवली. काळी, आतून बिस्किटी लेदर, ७२ हजार किलोमीटर, साडेआठ लाख मागतोय. व्हिडिओत अगदी नव्यासारखी दिसते. माझं रोजचं जाणं सांगली, महिन्यातून एकदा वाशी मार्केट. बायको म्हणते पैसे पाण्यात जातील. मेहुणा म्हणतो आयुष्यात एकदा तरी घे. तुम्ही काय म्हणता?
– एक बेदाणेवाला, तासगाव

उत्तर : मेहुण्यांना आधी एवढंच विचारा, की एअर स्ट्रट, म्हणजे स्प्रिंगच्या जागी असलेला हवेचा आधार, गेला तर त्याचे पैसे ते देणार आहेत का. नाही म्हणाले तर त्यांचं मत या हिशोबात धरू नका.

पाहुणे, थट्टा बाजूला ठेवतो. माझं गॅरेज कोल्हापुरात, उद्यमनगरला. तुमच्यासारखा प्रश्न घेऊन महिन्याला कोणी ना कोणी येतंच, आणि त्यात दिल्लीची गाडी हमखास असते. दिल्लीत ती स्वस्त का, हे आधी समजून घ्या. दहा वर्षांवरची डिझेल गाडी दिल्ली आणि आसपासच्या पट्ट्यात चालवायची नाही, असा आदेश हरित लवादाने दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यावर शिक्का मारला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मालकांवर कारवाई करू नका असं न्यायालय म्हणालं खरं, पण त्या बाजाराने एकदा घेतलेला धसका गेलेला नाही. तिथला मालक गाडी काढून टाकायला बसलेला असतो आणि डीलरला ती आपल्याकडच्या जिल्ह्यांत खपवायची असते. म्हणजे स्वस्ताईचं कारण खरं आहे. गाडी खराबच असेल असं त्यावरून ठरत नाही, आणि चांगली असेल असंही नाही.

आता मुद्द्याचं. ही गाडी नवी होती तेव्हा सत्तर लाखांच्या पुढची होती. आज ती साडेआठला मिळत्येय, पण तिचा प्रत्येक पार्ट अजून सत्तर लाखांच्या गाडीचाच आहे आणि त्याच भावाने येतो. शर्यतीचा बैल स्वस्तात मिळाला म्हणून तो कडबा कमी खात नाही. माझ्याकडे आलेली माणसं गाडीच्या किमतीवर दोन-दोन महिने घासाघीस करतात, आणि तिला पोसायचं काय हा विचार पहिल्या बिलाच्या दिवशी करतात.

या मॉडेलला लोखंडी स्प्रिंग नसते. चारी कोपऱ्यांत रबरी हवेचे स्ट्रट, त्यांना हवा पुरवायला एक कॉम्प्रेसर आणि हवा वाटणारा व्हॉल्व्ह ब्लॉक. रबर जुनं झालं की त्याला बारीक चिरा पडतात. दिवसभर काही कळत नाही, कारण कॉम्प्रेसर गळती भरून काढत राहतो. रात्री गाडी उभी केली की तो कोपरा बसतो. सकाळी बघावं तर एका बाजूची चाकं मडगार्डच्या आत गेलेली, जणू कुणी त्या बाजूला पोती लादलीत. सुरू केली की हळूहळू उठते, म्हणून मालक म्हणतो चालतंय की. ते चालत असतं कॉम्प्रेसरच्या जिवावर, आणि कॉम्प्रेसरला एवढं राबायची सवय नसते. शेवटी तोही जळतो. मग एका स्ट्रटचं काम स्ट्रट, कॉम्प्रेसर आणि रिले असं तिघांचं होतं. कंपनीचा नवा स्ट्रट एकेक लाखाच्या घरात जातो. बाहेरचा, म्हणजे दुसऱ्या बनावटीचा, साधारण निम्म्यात. आमच्या उद्यमनगरात लेथवर वाटेल तो बुश करून मिळतो, ओतकाम म्हणाल ते होतं, पण हवेचा स्ट्रट लेथवर होत नाही.

हे तपासायला मेकॅनिक लागत नाही. रात्री गाडी सपाट जागी उभी करायला लावा. चाकाच्या मधल्या टोपीपासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावून चारी आकडे लिहून ठेवा. सकाळी गाडी सुरू व्हायच्या आत पुन्हा मोजा. डीलर म्हणेल, एवढं कुठे करत बसता साहेब. तो असं म्हणाला की तुमचं काम झालं, परत या. आणि सकाळी पोचल्यावर पहिला हात बॉनेटवर ठेवा. कोमट लागलं तर तुम्ही यायच्या आधी त्याने गाडी सुरू करून उठवून ठेवलीय.

दुसरी जागा इंजिनात. तीन लिटरचं व्ही-६ डिझेल, इंजिन म्हणून दणकट, नीट ठेवलं तर लाखो किलोमीटर जातं. पण त्याचा ऑइल कूलर दोन्ही बाजूंच्या सिलिंडरांच्या मधल्या खाचेत, टर्बोच्या खाली बसवलाय. कूलरखालची सिलं उष्णतेने कडक होतात आणि ऑइल त्या खाचेत साचतं. तिथून ते मागे ओघळून इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यावर ठिबकतं. घाईतला मेकॅनिक खालून बघून सांगतो, मागचं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवू. ती उतरवून काही हाती लागत नाही, कारण गळती वर आहे. जुनी सिलं केशरी रंगाची होती, नंतर कंपनीने जांभळी काढली, ती टिकतात. सील म्हणाल तर किरकोळ किमतीचं. पण तिथवर हात पोचायला टर्बो आणि इनटेक सगळं उतरवावं लागतं, म्हणून मजुरी भरमसाट. हे काम आधी झालंय का, ते जुन्या बिलांत बघा. बिलंच नाहीत म्हणाला, तर झालेलं नाही असं धरून भाव पाडा.

बिलांवरून ७२ हजार किलोमीटरचं बोलू. तेरा-चौदा वर्षांत ७२ हजार? साहेब मागे बसणारे आणि गाडी घरीच उभी राहणारी, असं असूही शकतं. पण मीटर मागे नेणं आजकाल लॅपटॉपवरचं काम आहे. चासी नंबर घेऊन कुठल्याही अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा, शेवटची नोंद किती किलोमीटरची आहे ते. ब्रेक पेडलचं रबर बघा. ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड बघा. ७२ हजाराला ती कड चपटी होत नाही. मागची सीट जास्त झिजलीय की पुढची, तेही बघा. एस-क्लास खरोखर साहेबाची असेल तर मागे उजवीकडचं किंवा डावीकडचं एकच लेदर सुरकुतलेलं असतं.

कागदांकडे लोक सगळ्यात कमी बघतात आणि तिथेच अडकतात. पहिलं म्हणजे वाहन पोर्टलवर आरसी चालू दाखवतेय का ते आजच बघा. आरसी रद्द झालेली असणं, हे दिल्लीत दहा वर्षं उलटलेल्या डिझेल गाडीचं हमखास दुखणं. एनओसी म्हणजे फॉर्म २८, तो ठरावीक आरटीओच्या नावाने निघतो. तुमचा सांगलीचा, एमएच १०. म्हणून एनओसी निघायच्या आधी सांगली आरटीओत जाऊन ही गाडी इथे घेतात का आणि कर किती बसेल, हे विचारून या. कर तुम्ही दिलेल्या साडेआठ लाखांवर बसत नाही, मूळ किमतीवरून वयाप्रमाणे सूट देऊन काढतात. वीस लाखांवरच्या डिझेल गाडीचा मूळ दरच आपल्याकडे १५ टक्क्यांच्या घरातला, तेव्हा सूट वजा करूनही आकडा बघून तुमचा चहा गार होईल. मालकाने कर्ज काढलं असेल तर फॉर्म ३५ सह बँकेचा बोजा उतरलेला पाहिजे. नावावर करायला २९ आणि ३० तर आहेतच. डीलरने पैसे घेऊन 'नंतर पाठवतो' म्हटलेला कागद दिल्लीहून तासगावला आलेला मी तरी बघितलेला नाही.

शिवाय २०२७ मध्ये या गाडीला पंधरा वर्षं होतात. म्हणजे पुन्हा पासिंग, वर पर्यावरण कर. पास झाली तर पुढची पाच वर्षं. विम्यात फक्त थर्ड पार्टीचाच हप्ता दीड हजार सीसीच्या वर ७,८९७ रुपये अधिक जीएसटी आहे. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापता भरपाई देणारा विमा, या वयाच्या गाडीला देणारी कंपनी शोधत बसावी लागेल. म्हणजे तुरचीच्या फाट्यावर कुणी मागून ठोकली आणि टेललॅम्प फुटला, तरी घसारा तुमच्या खिशातून.

हिशोब असा. साडेआठ गाडीला गेले. कर, नावावर करणं, दिल्लीहून आणणं यात पाऊण-एक लाख सहज. आणल्या आणल्या इंजिन ऑइल, आठ लिटरच्या घरात लागतं. गिअर ऑइल, सगळे फिल्टर, बॅटरी, ब्रेक पॅड. टायर बहुतेक बदलायलाच झालेले असतात, २५५/४५ आर १८, ते काही बोलेरोच्या भावाने येत नाहीत. पहिल्या वर्षी दीड ते दोन लाख धरा, तेही काही मोडलं नाही तर. दहा लाख तिथेच संपले, पुढे गेले. आणि डिझेल लिटरला आठ-दहा किलोमीटर, त्याचं मी बोलतही नाही.

म्हणून, तुम्ही विचारलंत तसं सरळ सांगतो. ही गाडी दहा लाख असणाऱ्याने घेऊ नये. पंधरा असणाऱ्याने साडेआठला घ्यावी. तुमच्याकडे दहाच असतील तर ही सोडा.

पण मन मर्सिडीजच्या चांदणीवरच असेल, तर घरी बसा असं मी म्हणणार नाही. तो नाद मला कळतो. १९९५ मध्ये पुण्यात, पिंपरीला टेल्कोच्या आवारात मर्सिडीजने डब्ल्यू १२४, म्हणजे त्या वेळची ई-क्लास, जोडायला सुरुवात केली. त्यातली डिझेल गाडी अजून कुणी माझ्या दारात आणली, तर हातातलं काम टाकून मी आधी तिचं बॉनेट उघडतो. दार लावल्यावर येणारा तो आवाज नंतरच्या गाड्यांत फारसा राहिला नाही. असो. तुम्ही ई-क्लास बघा, २०१२ च्या आसपासची, चार सिलिंडरची डिझेल. खाली वाकून बघायचं, स्प्रिंग लोखंडी आहे ना. हवेवाली असेल तर पुढे चला. गाडी महाराष्ट्रातच पासिंग झालेली, जमलं तर पुण्या-मुंबईच्या पहिल्या मालकाची, सर्व्हिसची बिलं फायलीत लावलेली. सात लाखांच्या वर जायचं नाही. उरलेले तीन वेगळ्या खात्यात ठेवायचे, आणि त्यांना बेदाण्याच्या हंगामात हात लावायचा नाही. मळ्याच्या मुरमाच्या वाटेला मात्र बोलेरोच न्या. या गाड्यांचं पोट जमिनीलगत असतं.

तरीही ती काळीच हवी असेल, तर मिरजेहून गोवा एक्स्प्रेस थेट निजामुद्दीनला जाते. स्वतः जा, व्हिडिओवर बयाणा देऊ नका. जाताना टेप घ्या आणि तिथला कोणी मर्सिडीजचं काम करणारा, डीलरच्या ओळखीचा नसलेला, दोन-तीन हजार देऊन बरोबर न्या. वहिनींनाही न्या. माझ्या बघण्यात बायका गाडीत बसल्यावर आधी वास घेतात, आणि पाण्यात गेलेल्या गाडीचा वास त्यांना आधी कळतो.

प्रश्न : मुलगा २४ वर्षांचा, हिंजवडीला नोकरी. २०११ ची ऑडी ए४, १.८ पेट्रोल, ऑटोमॅटिक, चार लाखांत घेतोय. पहिलीच गाडी. डीलर म्हणतो मेंटेनन्स काहीच नाही.
– एक आई, ठाणे

उत्तर : ताई, नको. त्या सुमारास बनलेल्या या पेट्रोल इंजिनाला ऑइल प्यायची खोड आहे. पिस्टनच्या रिंगा ऑइल नीट खरवडत नाहीत, ते जळून जातं. ही तक्रार जगभर झाली, एकट्या आपल्याकडची नव्हे. त्यातून यातल्या बऱ्याच गाड्यांना ऑइल बघायची डिपस्टिकच नाही, पातळी स्क्रीनवर बघायची. तुमचा मुलगा स्क्रीनवर गाणी लावेल. गिअरबॉक्स मल्टिट्रॉनिक असेल, म्हणजे साखळीवर चालणारी सीव्हीटी, तर ती उघडून नीट जोडणारा माणूस शोधण्यातच त्याच्या सुट्ट्या संपतील. चार लाखांत चांगली वापरलेली, हाताने गिअर टाकायची जपानी गाडी मिळते. पहिली गाडी हात बसवायला असते. ऑडीचं वेड असेल तर पगार वाढू दे, तिशीत घेऊ दे, तेव्हा त्यानेच मला पत्र लिहावं.

प्रश्न : बीएमडब्ल्यूची एक जुनी ५ सिरीज बघितली. सगळं उत्तम आहे, फक्त एसीचा गॅस भरायचाय, असं मालक म्हणतो. त्यासाठी वीस हजार कमी करायला तयार आहे. घ्यावी का?
– नाशिक

उत्तर : गॅस भरायला दोन-तीन हजार लागतात. मालक त्यासाठी वीस हजार का सोडतोय? गॅस कुठून तरी गळतोय, आणि त्याने तो भरून बघितलेला आहे. गळती पुढच्या कंडेन्सरला असेल तर नशीब. आतल्या कूलिंग कॉइलला असेल तर अख्खा डॅशबोर्ड उतरतो. त्याला म्हणावं, तुम्हीच भरा, पंधरा दिवस चालवा, मग मी येतो. तोपर्यंत बयाणा देऊ नका. आणि त्या गाडीच्या डिकीत स्टेपनी आहे का तेही बघा. बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच गाड्या रन-फ्लॅट टायरवर येतात, स्टेपनी नसतेच. कसारा घाटात रात्री अकराला ते कळण्यापेक्षा आता कळलेलं बरं.