तिसरं बाक

प्रिय पोरी,

सलाम.

तुझा निरोप तीनदा वाचला. पुण्याला गेल्यापासून मंदिरात, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, पाऊल टाकलं नाहीस. रविवारी सकाळी मोबाइलवर उपदेश ऐकतेस. इकडे गावच्या मंडळीत दोन गट पडलेले, पंचांच्या निवडणुकीचं भांडण पोलीस ठाण्यापर्यंत गेलेलं. हे सगळं बघून विचारतेस, "सर, मंदिर नक्की असतं कशासाठी?"

देव सगळीकडे आहे वगैरे सांगत बसणार नाही. ते रविवारच्या शब्बाथ शाळेत मीच तुझ्याकडून पाठ करून घेतलंय.

उपदेश ऐकायला मंदिर लागत नाही, हे तुझं खरं. आमच्या पाळकसाहेबांपेक्षा मोबाइलवरचे बरे बोलतात, हेही खरं. शांती हवी असेल तर बंडगार्डनला जाऊन बस, तिथे निदान आमच्या पंख्याची खडखड नाही. मंदिर असतं ते ज्याच्याशी आपलं पटत नाही त्याच्या शेजारी बसण्यासाठी. एवढंच. बाकी सगळं घरी होतं.

ओळखता आलेलं सगळ्यात जुनं ख्रिस्ती उपासनागृह सीरियात फरात नदीच्या काठी सापडलं, दुरा-युरोपोसला. मुळात ते कुणाचं तरी राहतं घर. इसवी सन 230 नंतरच्या काही वर्षांत त्यातल्या दोन खोल्यांमधली भिंत पाडली आणि एक लांब खोली केली. मनोरा नाही, घंटा नाही. भिंत पाडली की झालं मंदिर. मला हे फार आवडतं.

आपल्याकडच्या भिंती दगडमातीच्या नव्हत्या, म्हणून जास्त जड गेलं. 1831 साली अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं. पुढे आपले पणजे-खापरपणजे कोणी महारवाड्यातून आले, कोणी मांगवाड्यातून. बाप्तिस्मा एकाच पाण्याने झाला, पण ताटं वेगळीच राहिली. माझी आजी सांगायची, प्रभुभोजनाच्या, म्हणजे सगळ्यांनी मिळून एकाच भाकरीतून-पेल्यातून घ्यायच्या, रविवारी काही म्हाताऱ्यांचे गुडघे हटकून दुखायचे. कारण पेला एकच, आणि आपल्याआधी तो कुणाच्या ओठाला लागलाय त्याचा नेम नाही.

तो पेला मी पाहिलाय. काठाला एका बाजूने पोचा आलेला. काळ्या मनुका रात्रभर भिजवायच्या, सकाळी कुस्करून फडक्यातून गाळायच्या, तो रस त्यात. पाळक प्रत्येकानंतर पांढऱ्या रुमालाने काठ पुसायचे आणि पेला बोटभर फिरवायचे. पोचा पुन्हा समोर आला की समजायचं, एक फेरा झाला. आजीने पहिल्यांदा तो तोंडाला लावला तेव्हा तिच्या म्हणण्याप्रमाणे पोटात कालवाकालव झाली. तरी प्यायली. त्या घोटाला मी मंदिर म्हणतो.

नंतर स्वच्छतेच्या नावाने चिमुकल्या काचेच्या पेल्यांचा ट्रे आला. ज्याचा त्याचा पेला, ज्याचा त्याचा घोट. त्या बैठकीत विरोधात मी एकटा होतो, आजही आहे. सर्दी-खोकला मलाही कळतो गं. पण सोय म्हणून जे जे आलं, त्याने आपल्याला शेजाऱ्यापासून वीतभर लांबच नेलं. तुझा मोबाइल त्याच ट्रेमधला.

तू म्हणशील, 'माझे घर प्रार्थनेचे घर' असं प्रभूनेच म्हटलंय, आणि प्रार्थना तर एकटीने होते. बायबलातला मार्काचा 11 वा अध्याय काढ. तिथे 'सर्व राष्ट्रांसाठी' असं आहे. ते ज्या यशयाच्या 56 व्या अध्यायातून घेतलंय तो आणखी वाच. ज्यांना कोणी आत घेत नव्हतं त्या परक्यांबद्दल आणि षंढांबद्दल ते बोलणं चाललंय. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं नाव काढशील, तेही मिशनबाहेर पडले म्हणून. पडले, पण एकटे बसायला नाही. 1917 साली साताऱ्याला त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले एकत्र होते.

आता माझं ऐक, म्हणजे मास्तर एवढा का चिडतो ते कळेल. हंगामाच्या सणाला मंदिरात वाहिलेल्या पिकाच्या लिलावाच्या हिशोबावरून माझं आणि दादाचं वाजलं. दोघेही पंच. फरक 240 रुपयांचा. हिशोबात मी बरोबर होतो, हे आजही वही काढून दाखवीन. पण मी उठलो आणि अकरा वर्षं शहरातल्या मोठ्या मंदिरात जात राहिलो. सुरेख गाणारे, कुणी ओळखत नाही, कुणाशी भांडण नाही. तुला आत्ता जसं वाटतंय ना, अगदी तसंच वाटायचं, मोकळं.

दादा गेला तेव्हा मी परत गावच्या मंदिरात शिरलो, त्याच्या पेटीमागून. त्याच्या मनातून राग गेला होता की नाही, मला ठाऊक नाही. अकरा वर्षांत पावणेसहाशेच्या आसपास रविवार होतात. एकाही रविवारी शेजारी बसलो नाही, मग ठाऊक कसं असणार?

म्हणून सांगतो, पुण्यात खोलीजवळ जे लहानसं मंदिर असेल ते धर. चांगलं शोधू नकोस. पहिल्याच रविवारी ज्याचं बोलणं डोक्यात जाईल, पुढच्या रविवारी त्याच्या शेजारी बस. सहा महिने तरी. मग मला लिही.

मी सध्या तिसऱ्या बाकावर बसतो, दुसऱ्या गटाच्या म्होरक्याशेजारी. माझ्याविरुद्धच्या अर्जावर पहिली सही त्याची. डोक्याला वासाचं तेल चोपडून येतो आणि उपदेशात घोरतो. समेट-बिमेट काही झालेला नाही आमचा, होईलसं दिसतही नाही. यंदा हंगामाच्या लिलावात माझ्या झाडाच्या एका लिंबाला साडेतीनशे आले. शेवटची बोली त्याची. लिंबू खिशात घातलं आणि सलामही न करता गेला.

घरी सगळ्यांना सलाम.

तुझा मास्तर