आठवीची शिष्यवृत्ती, नववीची शाळा

प्रश्न : बाई, माझी मुलगी बार्शी तालुक्यातल्या अनुदानित मराठी शाळेत आठवीत आहे. सातवीला 82 टक्के होते. मिस्टर मार्केट यार्डात हमाली करतात, मी शिलाई करते. सर म्हणतात, एनएमएमएसच्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसवा. एक क्लासवाले त्याचे आठ हजार मागतात. दीर म्हणतात, नववीला शहरातल्या खाजगी इंग्रजी शाळेत घाला. काय करावं?

उत्तर : ताई, परीक्षेला बसवाच. आठ हजार मात्र घरातच राहू द्या.

एनएमएमएस ही कमी उत्पन्नाच्या घरातल्या हुशार मुलांसाठी केंद्र सरकारची 2008 पासूनची शिष्यवृत्ती योजना आहे. घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आणि सातवीला 55 टक्के (अनुसूचित जाती-जमातींना 50) एवढं असलं की बसता येतं. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये. चार वर्षांचे 48,000, तेही थेट मुलीच्या खात्यात.

पेपर दोन, 90-90 गुणांचे. शालेय क्षमतेचा पेपर म्हणजे सातवी-आठवीचीच पुस्तकं : विज्ञान 35, समाजशास्त्र 35, गणित 20. त्याला वेगळा क्लास कशाला? पोरं अडतात ती बुद्धिमत्तेच्या पेपरला, कारण तसले प्रश्न वर्गात कधी आलेलेच नसतात. आरशात घड्याळात 3 वाजून 40 मिनिटं दिसतात, तर खरी वेळ किती? मुलं घड्याळ काढून, कागद उलटा करून बघत बसतात. 11 वाजून 60 मिनिटांतून 3:40 वजा करा, 8:20 आले. झालं! अशा पाच-सहा युक्त्या सर महिन्याभरात शिकवतील. बाकी जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवायच्या. चुकलं तर गुण कापत नाहीत, म्हणून उत्तरपत्रिकेतला एकही गोल रिकामा सोडू नको, हे तिला बजावून ठेवा. 40 टक्के (अनुसूचित जाती-जमातींना 32) हे नुसते पात्रतेपुरते. खरी चुरस जिल्ह्याच्या यादीत असते.

आता ज्या गोष्टीसाठी मी एवढं लिहितेय ती. मुख्याध्यापिका असताना मी पाहिलंय, यादीत नाव लागूनही पैसे न मिळालेली मुलं असतात आणि ती कागदापायी अडकतात. आमच्या एका मुलीचं नाव आधारवर एका स्पेलिंगनं, शाळेच्या रजिस्टरला दुसऱ्या आणि बँकेत तिसऱ्याच. बाप रोजगार बुडवून खेटे घालत होता. तुम्ही आजच तिन्ही कागद शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढा, निकालानंतर सेतू केंद्रात ही गर्दी असते. खातं मुलीच्या नावाचं आणि आधारला जोडलेलं हवं. निवड झाल्यावर राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरायचा, आणि दर वर्षी त्याचं नूतनीकरण करायचं. दुसऱ्या वर्षी हेच राहून जातं.

दिरांचा सल्ला मायेचा असेल, पण महागात पडेल. ही शिष्यवृत्ती सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठीच आहे. विनाअनुदानित शाळेत नाव घातलंत की ती बंद, वर तिथली फी. सरकारी निवासी शाळेत, जेवणाखाण्याची सोय घेऊन राहणाऱ्या मुलींनाही ती मिळत नाही. (इंग्रजीची भीती असेल तर आहे त्याच शाळेत सेमी-इंग्रजीची तुकडी आहे का ते विचारा.) अकरावीलाही हीच अट. दहावीला 60 टक्के लागतील, अनुसूचित जाती-जमातींना 55. तिला ते जड नाहीत. पण कॉलेजात प्रवेश घेताना तुकडी अनुदानित आहे का, हे पावती फाडण्याआधी विचारायचं. कॉलेजवाले आपणहून सांगत नाहीत.

पात्र ठरूनही यादीत नाव आलं नाही, आणि तुम्ही मराठा किंवा कुणबी असाल, तर सारथी या राज्य सरकारच्या संस्थेची वर्षाला 9,600 रुपयांची शिष्यवृत्ती आहे. तिचाही अर्ज शाळेकडूनच जातो.

फॉर्म शाळेच्याच लॉगिनमधून भरला जातो, परीक्षा साधारण डिसेंबरात असते. सरांनी 'बसवा' म्हटलं म्हणजे फॉर्म भरला असं नव्हे. भरलेल्या अर्जाची प्रिंट मागून घ्या आणि त्यावरचं नाव, जन्मतारीख, प्रवर्ग स्वतः वाचा.